खांडीला वळसा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, ‘आपण इतकी वर्षे माणसांकडून कामे करून घेतलीत, तरी आपल्या यशाविषयी तरुणांना मार्गदर्शक ठरेल असे काही लिहावे.’ हे मी मोठ्यानं वाचलं, तर आमची कुसुम इतकी हसली की तिला हातातलं तांदूळ निवडायचं ताट खाली ठेवावं लागलं. तिचं काही चुकलं नाही. ओव्हरसियर म्हणून रुजू झालेला मी उभ्या नोकरीत एकच बढती पाहिली, आणि ती मिळेपर्यंत माझ्या हाताखालून शिकून गेलेली पोरं माझे साहेब झाली होती. त्यामुळे यशाचं जाऊ द्या. मी दोनदा सपशेल आपटलो होतो ते सांगतो. त्याचं मला आज वाईट वाटत नाही. एका गोष्टीचं वाटतं, तीही सांगणार आहे.

माझं काम चिखलाचं. पूल, धरणं, रस्ते बांधणारे वेगळे, त्यांच्या कामावर पाटी लागते. मी खाडीकाठचे मातीचे बांध सांभाळायचो. मूळचा मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे पाणी विहिरीचं नाहीतर नदीचं, आणि दोन्ही सरळ स्वभावाची. दिवसातून दोनदा उलटं फिरणारं पाणी मी पंचविशी गाठल्यावर पहिल्यांदा पाहिलं, आणि पाहिल्याबरोबर ठरवलं की यात काय कठीण आहे. हातात डिप्लोमा होता ना!

नवख्या वाचकाला थोडं समजावतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडी आत शिरलेली आहे. तिच्या काठांनी भाताची खारजमीन, आणि ती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे काय, तर माणसानं घातलेला मातीचा बांध. खेकड्यानं बीळ केलं, उंदरानं पोखरलं, एखाद्या उधाणाला पाणी वरून गेलं, की बांध फुटतो. त्या फुटलेल्या जागेला म्हणतात खांड. खारं पाणी एकदा शेतात शिरून बसलं की दोन-तीन पावसाळे भाताचं नाव नको. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास जेमतेम हलतं, तो भांग. खांड बुजवायची तर भांगात हात घालायचा आणि पुढच्या उधाणाच्या आत काम पुरं करायचं. एवढी विद्या खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही असते. मला ती कागदावर होती.

डोंबिवलीच्या खालच्या अंगाला एक आगऱ्यांचं गाव होतं. नाव सांगत नाही, आज तिथे इमारतींवर इमारती आहेत आणि राहणाऱ्यांना उगाच धास्ती नको. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. श्रावणातल्या उधाणाला गावचा बांध फुटला आणि उभं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. चांगली चाळीस घरं. ओहोटीला शेतातून पाणी बाहेर जायचं, भरतीला खाडी परत आत. येत्या पावसाच्या आत खांड बुजली तर पावसाचं गोडं पाणी मीठ धुऊन नेणार, नाही बुजली तर आणखी एक वर्ष गावानं तांदूळ विकत आणून खायचा. निम्मे बापये तोवर शहाडला गिरणीच्या बांधकामावर माती ओढायला लागलेही होते. ज्यांनी जन्मात दुसऱ्याची माती ओढली नव्हती अशी माणसं. तर हे काम माझ्याकडे आलं.

गावचा मुकादम गोमा म्हात्रे. पन्नाशीचा, अंगानं रुंद, कानात बाळी, बोलणं तोलून मापून. बांधाच्या कामावर आमच्या खात्याकडून त्याला मुकादमाचा रोज मिळायचा. त्या गावात एक रीत होती. मुकादम काम चालू असताना सगळ्यात खोल पाण्यात उभा राहायचा आणि बाहेर सगळ्यात शेवटी यायचा. मी बांधावर छत्री घेऊन उभा राहायचो. माझ्या दृष्टीनं आमची कामाची वाटणी ठीकच होती.

मी नकाशा काढला. जुन्या बांधाची सरळ रेघ जिथून जात होती तिथूनच नवा बांध, दोन्ही टोकांकडून माती टाकत यायचं आणि मधे भेटायचं. गोमानं नकाशाकडे पाहिलं, खांडीकडे पाहिलं, आणि म्हणाला, “तुमी बोलाल तसा, सायब.” मला वाटलं, काय गुणी माणूस आहे.

आता नळाच्या तोंडावर बोट ठेवलं की काय होतं ते बघा. जितकी फट लहान तितकी चिळकांडी जोराची. दोन्हीकडून बांध पुढे सरकत गेला तसं मधल्या तोंडातून पाणी असं सुसाट धावायला लागलं की टाकलेली पाटी खाली टेकायच्या आत निम्मी पसार. तरी लोक हटले नाहीत. बाया, बापये, सगळे. शेवटच्या दिवशी मधलं अंतर उरलं सहा हात. दुपार कलली होती, ओहोटी संपत आली होती. छातीभर पाण्यातून गोमा ओरडला, “सायब, आज पुरा करू. कोनाला सोरू नका.”

माझ्याकडे त्या दिवशी साताऱ्याहून मामा यायचे होते. शिवाय सगळ्यांचे हात थरथरत होते, तेही दिसत होतं. मी म्हटलं, “अरे, सहा हात राहिलेत. उद्या सकाळी तासाभराचं काम. सोड सगळ्यांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा हातांचे साठ हात झाले होते.

माणसाचा पाय घसरला की हात सापडेल ते धरतो. मी गोमाला धरलं. ठाण्याच्या कचेरीत बसून अहवाल लिहिला, त्यात लिहिलं की ‘मुकादमाने माझ्या परवानगीशिवाय मजूर वेळेआधी सोडले, त्याच्या हलगर्जीपणामुळे काम वाया गेले.’ लिहिताना हात कचरला असं सांगितलं तर संपादकांना बरं वाटेल, पण नाही कचरला. तिकडे गोमाचा रोज बंद झाला, मुकादमी गेली आणि तो मिठागरावर पाट्या वाहायला लागला. एका शब्दानं भांडायला आला नाही. या गोष्टीचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं.

दुसऱ्या खेपेला मोठ्या साहेबांनी स्वतः लक्ष घातलं. मोठे साहेब म्हणजे आमचे वरिष्ठ इंजिनियर, भला माणूस, पण खाडी खिडकीतून पाहिलेली. ते म्हणाले, मातीनं नाही भागणार, दगड टाका. मग काय, शीळफाट्याकडच्या डोंगरातला दगड आला, बाहेरचे मजूर आले, पौष संपता संपता बांध खरोखर जोडला गेला. साहेब पाहणीला आले. खुर्ची आली, हार आला, नारळ फुटला. मी साहेबांच्या शेजारी उभा, छाती फुगलेली. इतक्यात बांध बसायला लागला. पंगतीला पाट मांडल्यावर माणसं बसतात ना, तशा शांतपणानं तो मधोमध खाली बसला. खालचा चिखल दगडाचं वजन घेईना, आणि पाण्यानं तळातून वाट काढली. साहेबांनी खुर्ची उचलली, मी साहेबांना उचललं, आणि फुटक्या नारळाची कवड आमच्या देखत शेतात वाहत गेली.

पलीकडे गावातली माणसं उभी होती. त्यांच्यातली बायजाबाय म्हणून एक म्हातारी होती, तोंडानं फटकळ. ती एवढंच म्हणाली, “झाली पूजा?”

आठ दिवसांनी माझ्याविषयीचा अहवाल माझ्याच टेबलावरून पुढे गेला. मी वाचला. ‘देखरेख करणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे काम वाया गेले.’ वाक्य माझंच होतं हो! साहेबांनी माझा जुना कागद समोर ठेवून नाव तेवढं बदललं होतं. दगड टाकायचा हुकूम कोणाचा होता ते कुठंच नव्हतं. मला असा संताप आला की कागद फाडावासा वाटला, आणि मग एकदम गोमा आठवला. संताप उतरला आणि नुसती लाज उरली.

मला शहाडला पाठवलं. तिथं नदीकाठी खात्याचं एक गोदाम होतं, फावडी, घमेली, टिकाव, पहारी असली हत्यारं ठेवायचं. मी त्या हत्यारांचा अधिकारी. माझ्या हुकमात एकही माणूस नव्हता आणि घमेली तर उत्तरही देत नव्हती. सुरुवातीला मी नुसता धुसफुसत होतो. घरी येऊन कुसुमला ऐकवायचो की साहेबानं माझा बळी दिला, असली लबाड माणसं वर जातात आणि प्रामाणिक मरतात. ती पोळ्या लाटत ऐकायची. एक दिवस ती सहज म्हणाली, “तो तुमचा गोमा आता काय करतो हो?”

मग तिनं पुढची पोळी लाटायला घेतली. नवऱ्याला टोचायचं असतं तर ती एवढ्यावर थांबली नसती, खरंच सहज विचारलं होतं तिनं. पण त्यानंतर दीड महिना मला गोदामात फावड्याच्या प्रत्येक दांड्यावर गोमाचा हात दिसायचा.

चैत्रात साहेबांनी बोलावलं. म्हणाले, “पाटणकर, त्या खांडीवर जायला दुसरा कोणी तयार नाही. पावसाला दोन महिने आहेत. जाता का? तिसऱ्यांदा बांध गेला तर मात्र मी काही करू शकणार नाही. मग तुम्ही गावाकडे शेतीच बघा.” मी हो म्हटलं. शौर्य वगैरे काही नाही, साताऱ्याला आमची शेती होतीच कुठे बघायला!

डोंबिवलीला उतरून गावात गेलो, दवंडी दिली की उद्या सकाळी बांधावर काम सुरू. सकाळी बांधावर मी, माझी छत्री आणि एक बगळा. दुसऱ्या दिवशी बगळाही आला नाही. माणसं घराच्या ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होती, कोणी शिवी दिली नाही की हाक मारली नाही. अपयश पचवणं सोपं, हे पचेना. ज्याच्या मागे कोणी येत नाही त्यानं पुढे होऊन काय करायचं?

मी मिठागरावर गोमाला भेटायला गेलो. उन्हात मिठाची रास चकाकत होती, तो डोक्यावर पाटी घेऊन चालत होता. माझ्याकडे पाहून पाटी उतरवली.

“गोमा, मी चुकलो,” मी म्हटलं.

“बरा,” तो म्हणाला.

“कामावर चल.”

त्यानं तोंड पुसलं. “माज्या पोटात राग नाय, सायब. पन माजा नाव तुमचे कागदावर हाय. चाळीस घरांत समदी बोलतान का गोमानं मानसा सोरली. माजा पोरगा मना विचारतं. तो कागद गावात वाचून दाखवा. मंग बघू.”

झालं! ठाण्याच्या कचेरीतून कागदाची नक्कल मिळवली, आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे उभा राहिलो. गाव जमलं होतं. इंग्रजी मजकूर मराठी करून एकेक वाक्य वाचला. मग म्हणालो, “हे खोटं आहे. मजूर मी सोडले. गोमा सांगत होता पुरं करू, मी ऐकलं नाही. माझ्या घरी पाहुणे होते.” शेवटचं सांगायची काही गरज नव्हती. पण निघालं तोंडातून.

बायजाबाय उठली. “जल्ला मेला तुजा पाव्हना! आमचे कष्टाची माती झाली आनि तू शिरा खात व्हतास?” आणखीही बरंच बोलली, ते अंकात छापता येणार नाही. मी ऐकून घेतलं. गंमत अशी की तिची एकेक शिवी पडत होती तसं मला हलकं वाटत होतं. इतक्या महिन्यांत गावातलं कोणीतरी माझ्याशी बोलत होतं.

मग गोमा उभा राहिला. मला वाटलं, आता हाही हात धुऊन घेणार. तो गावाकडे तोंड करून म्हणाला, “सायबानं सांगला. आता माजा ऐका. सायबाचा बांध टिकनार नाय, मना पयल्या दिवशी ठाव व्हता.”



“पान्यानं खांडीत डोह केलाय. तो पान्याचा घर हाय. त्याच्यावर बांध रवत नाय, माजा बापूस सांगं. पाठीमागून वळसा घालून, घट्ट जमिनीवरशी बांध न्यावा लागतं. पन वळसा घातला तं माजा शेत भायेर जातं. खारीत. म्हनून मी गप बसलो. म्हटला, सायब शिकलेला हाय, त्याचा सरळ बांध रायला तं माजा शेत वाचंल. तुमची समद्यांची मेहनत बुरली ती माजे गप बसन्यानं.”

तो खाली बसला आणि गुडघ्यांत मान घातली. माझ्या खोट्या अहवालापायी पाट्या वाहिलेला हा माणूस तेव्हापासून आपलंही ओझं वाहत होता, आणि मला वाटत होतं चोर मी एकटाच.

बायजाबायनंच तोंड उघडलं, पण या खेपेला हळू. “अरे गोमा, मंग पट्टी कशाला अस्ते?”

ही पट्टी म्हणजे त्या गावची जुनी चाल. बांध मागे घ्यावा लागून ज्याचं शेत खाडीत जाईल, त्याला प्रत्येक घरानं आपल्या शेतातली एक पट्टी काढून द्यायची. एकाचं गेलं ते सगळ्यांसाठी गेलं, असा हिशेब.

“पट्टी तुकर्‍यातुकर्‍यानं भेटते,” गोमा गुडघ्यांतूनच म्हणाला. “बापाचा शेत एक तुकरा व्हता.”

गाव तसंच उठून घरी गेलं. पण सकाळी मी बांधावर गेलो तेव्हा चाळीस घरची माणसं माझ्याआधी उभी होती, आणि गोमा सगळ्यात पुढे, हातात बांबूची मेख. स्वतःच्या शेताच्या अलीकडच्या कडेला त्यानं ती पहिली मेख ठोकली. मी वरच्यांची मंजुरी आणायला गेलो असतो तर श्रावणातच परत आलो असतो. नकाशा घडी करून खिशात घातला आणि म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

या खेपेला टोकांकडून मधे यायचं नव्हतं. गोमाचं तंत्र असं की सगळी लांबी एकाच वेळी वीतवीतभर वर उचलत न्यायची. पाण्याला वरून सावकाश जाऊ द्यायचं, त्याच्याशी झोंबायचं नाही. बांबू रोवायचे, त्यात पेंढा आणि गवत अंथरायचं, वर चिकट चिखलाचे चौकोनी लादे हातोहात. मानपाड्याकडून गाड्या भरून मुरूम आणला तो नुसता वरच्या थराला. मी छत्री देवळात ठेवली आणि पाण्यात उतरलो. पहिल्याच दिवशी चिखलानं माझा एक बूट घेतला तो घेतलाच. बाया हसून हसून वेड्या झाल्या. त्या दिवसापासून मला गावात ‘एकबूट्या सायब’ म्हणायला लागले, समोर नाही, पण फार मागेही नाही.

अष्टमीच्या भर दुपारी, ओहोटी अगदी थंड असताना, शेवटचा थर चढला. मी ओरडलो, “कोणी घरी जायचं नाही!” तर खालून गोमा म्हणाला, “पाव्हने नाय ना आज?” आणि सगळी रांग हसली. पुढे आठ दिवस उंची वाढवत राहिलो. खरी परीक्षा अमावास्येची होती. त्या दुपारी सगळं गाव बांधावर. पाणी चढत चढत माथ्यापासून चार बोटांवर आलं. दोन ठिकाणी पाझर दिसला, तिथं लगेच चिखल थापला. गोमा तळहात बांधावर ठेवून बसला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. तास गेला असेल. मग पाण्यावर तरंगणारी एक काडी थांबली, आणि हळूहळू खाडीकडे जायला लागली. “उतरला,” गोमा म्हणाला. बांधाच्या आत कोरडं होतं. बाहेर त्याच्या शेतावर मात्र पुरुषभर पाणी. आरडाओरडा, गुलाल, सगळं झालं. तो तेवढा वेळ आपल्या शेताकडेच बघत होता. मी शेजारी जाऊन बसलो. दोघांनाही रडू आलं, आणि लाजायचं कारण नव्हतं, कारण अर्धं गाव रडत होतं.

पावसाआधी पट्ट्या मोजल्या. साखळी माझी, मेखा गोमाच्या. एकानं पाणथळ कोपरा पुढे केला तर बायजाबाय त्याला म्हणाली, “बांध पन कोपऱ्याचाच बांदला व्हता का रे?” त्यानं मुकाट्यानं चांगली जागा दिली. अशा चाळीस घरांच्या पट्ट्या. पुढे जन्मभर गोमाची बायको एका टोकाला कापणी करायची आणि तो दुसऱ्या टोकाला, आणि मी दिसलो की तो हात जोडून म्हणायचा, “एकबूट्या सायब, तुमचे पायी माजी तंगरतोर!” पण त्या पावसानं मीठ धुतलं. भात पिकलं.

राहिला कागद. बांध टिकल्यावर साहेब खूश होते, जुनं कोणी उकरणार नव्हतं. पण गोमाची मुकादमी कागदावर अजून गेलेलीच होती. मी एक अर्ज लिहिला, की पहिला अहवाल खोटा, मजूर मी सोडले, आणि बांधाचा वळसाही मंजुरीशिवाय मीच घातला. गोमाला वाचून दाखवला. तो म्हणाला, “माजा पन लिवा, का मना ठाव व्हता आनि मी बोललो नाय.” म्हटलं, “अरे वेड्या, तुला परत घेण्यासाठी तर लिहितोय!” तो हटेना. मग तेही लिहिलं. खाली माझी सही आणि त्याचा अंगठा.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “पाटणकर, एका खांडीला दोन गुन्हेगार?” पण अर्ज वर गेला. हुकूम आला. गोमा म्हात्रे याला पूर्ववत मुकादम नेमावे. पाटणकर यांची बढती रोखावी. किती वर्षं ते लिहिलं नव्हतं, आणि सरकारी कामात जे लिहिलेलं नसतं ते लांबतं. मी हे गोमाला सांगितलं ते सहज बोलता बोलता. तो काही बोलला नाही. आता त्याच्या गप्प बसण्याची मला सवय झाली होती.

पुढच्या वर्षी माझी बदली खाडीच्या पलीकडच्या काठाला झाली, ठाण्याच्या बाजूला. तिथंही मोठी खांड पडली होती आणि तिथंही माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती. एकच खांड दोनदा फोडलेला, खोटे अहवाल लिहिणारा ओव्हरसियर, तिसऱ्यांदा बुजवली तीही मुकादमाच्या जिवावर. लोक म्हणाले, आम्हाला दुसरा साहेब द्या. पहिल्या दिवशी कामावर पाच माणसं आली, दुसऱ्या दिवशी दोन. मी गोमाकडे कशाला निरोप धाडतो? कुठल्या तोंडानं? रात्री कुसुमला म्हटलं, आता मात्र शहाडची घमेलीच बरी.

तिसऱ्या सकाळी बांधावर गेलो तर खाडीत होड्या. एकीमागं एक. त्यातून माणसं उतरत होती, आपापली फावडी खांद्यावर, भाकरी फडक्यात बांधलेल्या. ओळखीचे चेहरे. सगळ्यांच्या पुढे गोमा.

“अरे, तुम्ही इकडे कसे? कोणी बोलावलं?”

“बोलवाचा कशाला?” तो म्हणाला. “बांधापायी तुमचा पन शेत गेला ना, सायब? बढतीचा. मंग पट्टी नको? जमीन देऊन तुमी काय करनार, तुमाला भात लावता येत नाय. म्हनून घरटी एक मानूस आनलाय.”

मी मोजायला लागलो आणि विसाच्या पुढे डोळ्यांना दिसेना. गोमा कमरेला फडकं गुंडाळत खांडीकडे निघाला होता, सगळ्यात खोल जागेकडे, त्याच्या रिवाजानं. मी बूट काढले, दोन्ही, आणि धावत सुटलो. त्याच्याआधी मला पाण्यात उतरायचं होतं.